संकल्पवही

सकाळी लीलाच्या हातून कप फुटला. "अहो, कप फुटला. इकडं येऊ नका, पायात जातील तुकडे," ती आतून म्हणाली, आणि मी दाढीचा ब्रश हातात धरून, आरशातच बघत म्हणालो, "फुटला म्हणू नये. फोडला म्हणावं." हे बोलताना माझा आवाज माझा नव्हता. थोडा खर्जातला, शेवटचा शब्द ओढून उच्चारलेला, शंका घेऊ न देणारा. आत तुकडे वेचायचा आवाज थांबला. लीला दारात येऊन उभी राहिली. हातात कपाच्या कानाचा तुकडा, कपाळावर केस आलेले. "हो, मीच फोडला," ती म्हणाली, "शेजारणीनं फोडला असं कुठं म्हटलं मी? तुमच्या पायात जाऊ नये म्हणून सांगत होते." आणि परत आत गेली. गालावर साबण तसाच वाळत होता. मला राग आला. तिचा नाही. कुणाचा ते लगेच कळेना, पण आला तो पोटातून वर आला, आणि दाढी करताना हनुवटीखाली कापलं. मी कापून घेतलं, असं म्हणायला पाहिजे. मी कापून घेतलं, मी कापून घेतलं. तुरटीचा खडा फिरवताना मी हे वाक्य चारपाच वेळा मनात म्हटलं. जखम तेवढीच चरचरत राहिली.

तो आवाज अप्पांचा. अप्पा म्हणजे आमच्या मनोबल वर्गाचे चालक, निवृत्त मास्तर, सत्तरीला आलेले आणि काठीसारखे ताठ. दर सोमवारी संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर वर्ग भरतो. खाली लाल मातीत पोरं शड्डू ठोकत असतात आणि वर आम्ही पंचवीसतीस प्रौढ माणसं सतरंजीवर मांडी घालून स्वतःची वाक्यं दुरुस्त करून घेत असतो. अप्पांची शिकवण एका ओळीची आहे. झालं म्हणायचं नाही, केलं म्हणायचं. मला उशीर झाला, हा रडका विचार. मी उशीर केला, हा खडा विचार. पैसे राहत नाहीत, रडका. मी पैसे राखत नाही, खडा. जो झालं म्हणतो तो जगाच्या पायाशी पडलेला असतो, जो केलं म्हणतो तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. हे बोलताना अप्पांचे डोळे चमकतात, आणि खोटं कशाला बोलू, माझेही चमकायचे. पाच वर्षांपूर्वी मी त्या माडीचा जिना चढलो तेव्हा मी रडक्यांचा राजा होतो. मला इंग्रजी जमेना, मला बढती मिळेना, मला वडिलांनी शिकवलं नाही, मला नशिबानं साथ दिली नाही. सगळीकडे मला, मला. अप्पांनी पहिल्याच दिवशी माझं एकेक वाक्य उलटं करून माझ्या हातात दिलं. मी अभ्यास केला नाही. मी अर्ज केला नाही. ऐकताना कानशिलात बसल्यासारखं झालं होतं, पण त्यानंतर मी छत्तिसाव्या वर्षी हिशेबनिसाची परीक्षा दिली आणि पास झालो. त्या दिवशी मी अप्पांच्या पाया पडलो होतो. ही गोष्ट मला आज जास्त टोचते. नुसता भोंदू असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण माणसानं औषध दिलं, ते मला लागू पडलं, आणि मग तेच औषध मी माझ्या हातानं दुसऱ्याच्या डोळ्यात ओतलं.

दुसरा म्हणजे आमच्या कारखान्यातला जोतीराम. त्याच्याकडेच निघालो होतो. पिशवीत आमच्या मालकांनी, अण्णासोंनी, टाइप करून घेतलेला जबाब होता. त्यावर जोतीरामची सही घेऊन दुपारी बारापर्यंत कारखान्यात पोचायचं होतं, कारण तीन वाजता सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होता. सायकल काढताना लीला दारापर्यंत आली नाही. मिरजकर तिकटीवरून बिंदू चौकाकडे वळलो. फेब्रुवारी संपत आलेला, ऊन आत्ताच पाठीला लागत होतं. समोरून उसाची बैलगाडी गेली, तिचं चाक खड्ड्यात गेलं, धप्, आणि लगेच मागचा दांडा आपटला, धप्. माझा हात ब्रेकवर गेला. सहा दिवस हे असं चाललंय. कुठलाही आवाज लागोपाठ दोनदा आला की मी हातातलं काम टाकून थांबतो. शेजारी मसाला कुटतात, देवळात कुणी घंटा दोनदा वाजवतं, वरच्या मजल्यावर कुणी एक पाय आणि मग दुसरा पाय टेकतं. पहिला आवाज मला काही करत नाही. दुसरा आला की संपलं.

आमचा कारखाना शिवाजी उद्यमनगरात. ऑइल इंजिनांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही बनवतो. अठ्ठावीस कामगार, आणि हजेरी, पगार, पत्रं सगळं बघायला मी एकटा. मालक अण्णासो. माणूस तसा खेड्यातून वर आलेला, मेहनती, आवाजानं मोठा. वर्षापूर्वी मीच त्यांना अप्पांच्या वर्गाला घेऊन गेलो. हेही मीच केलं. अण्णासो दोन सोमवार आले, त्यांना त्यांच्या सोयीचं तेवढं कळलं, आणि तिसऱ्या मंगळवारी त्यांनी (आमच्याकडे सोमवारी लाईट बंद, म्हणून आठवडा मंगळवारी सुरू होतो) तक्रारवही कपाटात टाकली. तिच्या जागी नवी कोरी लांबट वही आणली. "यज्ञेश्वर, आता तक्रार बंद. समद्यांनी संकल्प सांगायचा. मशीन बिघडलं, माल बाद झाला, आसलं रडकं कायबी ल्ह्यायचं न्हाय. मी काय करीन ते ल्ह्यायचं. अक्षर तुमचं चांगलं हाय, तुमीच ल्ह्या आन् सही घ्या." वहीच्या पुठ्ठ्यावर मी बोरूनं 'संकल्पवही' असं लिहिलं. वेलबुट्टीसुद्धा काढली. आणि लिहायला लागलो. कामगार येऊन म्हणायचा, हातमोजं फाटलंत. मी लिहायचो, मी हातमोजे जपून वापरीन. तो म्हणायचा, भट्टीजवळ लई धग हाय. मी लिहायचो, मी सहनशक्ती वाढवीन. मला त्यात मजा वाटायची, हे सांगायलाच पाहिजे. वाक्य उलटं करण्यात माझा हात बसला होता. अप्पांनी एकदा वही मागवून घेतली आणि सगळ्या वर्गापुढं वाचून दाखवली, "याला म्हणतात खडं लेखन." मी मान खाली घालून हसलो होतो.

त्याच दिवसांत अण्णासो फोनवर गिऱ्हाइकाला काय सांगायचे? "पावणं, माल अडकलाय. लाईट गेलती. टेम्पो बंद पडला." मी समोर बसून ऐकायचो. मी माल अडकवला असं त्या तोंडातून एकदा तरी? माझ्या डोक्यात ते कधी आलंच नाही. मालकाचं झालं ते झालं आणि कामगाराचं झालं ते केलं, हा व्याकरणाचा नियम मी कुठल्या शाळेत शिकलो कुणास ठाऊक, पण एकदाही चुकलो नाही.

तेरा तारखेला मंगळवारी सकाळी जोतीराम माझ्या टेबलापाशी आला. कागलकडचा, तिशीचा, सातवी शिकलेला, प्रेसवर आठ वर्षं काम. प्रेस म्हणजे पायानं पेडल दाबलं की वरून जड ठोकळा येतो आणि खालच्या साच्यात पत्रा कापतो. पेडल सोडलं की आतल्या चावीनं, म्हणजे एका लोखंडी खिट्टीनं, ठोकळा वर थांबवला पाहिजे. तो थांबला की हात घालायचा, कापलेला तुकडा काढायचा, नवा पत्रा सरकवायचा. "सायेब, प्रेस डबल मारतंय," जोतीराम म्हणाला. "पाय काढला तरी कवाकवा दुसऱ्यांदा खाली येतंय. आतली चावी झिजलीया. गणपतीला दावलं म्या, त्योबी तेच म्हनतोय." गणपती आमचा फिटर. त्यानं आदल्या शनिवारीच माझ्यादेखत अण्णासोंना सांगितलं होतं, आणि अण्णासो म्हणाले होते, "चावी बदलायची म्हंजे दोन दिस प्रेस बंद. मार्च एन्ड हुंदे. तवर ओढा." हे सगळं मला माहीत होतं. तरी मी जोतीरामला काय म्हणालो? "प्रेसचं राहू दे. तू काय करणार ते सांग." तो जरा गोंधळला. मागे सात-आठ जण उभे होते, भोंगा व्हायला दोन मिनिटं. "म्या काय करनार, सायेब? ध्यान दिऊन करतो की." झालं. मला माझं वाक्य मिळालं. मी झोकदार अक्षरात लिहिलं, 'माझे कामात लक्ष कमी पडते. यापुढे मी प्रेसवर पूर्ण लक्ष देईन.' पहिलं वाक्य तो बोलला नव्हता. पण नुसता संकल्प बोडका दिसतो, आधी कबुली आली की वजन येतं, असं अप्पा म्हणायचे. वाचून न दाखवता मी वही फिरवली, त्यानं सही केली, सावकाश, शेवटी एक रेघ मारून. त्या सहीतली ती रेघ मला आज दिसते. ज्या तीन बोटांनी त्यानं पेन धरला होता, ती तिन्ही गेली.

एकवीस तारखेला, बुधवारी, अकराच्या सुमाराला. मी पगारपत्रक करत होतो. प्रेसचा आवाज आमच्या अंगात मुरलेला असतो, ऐकू येत नाही. धप्, मग चार मोजेपर्यंत काही नाही, मग धप्. त्या दिवशी धप् झालं आणि श्वास घ्यायच्या आत परत धप्. मला तो ऐकू आला. जोतीराम ओरडला नाही. ओरडला तो गणपती. मी बाहेर गेलो तेव्हा जोतीराम प्रेससमोर उभा होता, डाव्या हातानं उजवं मनगट धरून, आणि साच्यात बघत होता. काहीतरी हरवलंय आणि ते तिथंच कुठं असणार, असं. मला बघून म्हणाला, "सायेब, डबल मारलं बगा." तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. आपण सांगितलं होतं ते खरं निघालं, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

त्याच संध्याकाळी अण्णासोंनी संकल्पवही मागितली. मी दिली. त्यांनी तेरा तारखेचं पान काढलं, दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "ह्ये बगा. सोताच कबूल केलंय, लक्ष न्हवतं म्हनून. खाली सही. यज्ञेश्वर, तुमी वाचीवलंसा मला." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळणारा मी. दुसऱ्या दिवशी वकिलाकडून जबाब टाइप होऊन आला, 'दिनांक २१ रोजी माझे लक्ष विचलित झाल्याने मी माझा उजवा हात साच्यात घातला. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' या कागदावर जोतीरामची सही, निदान डावा अंगठा, उमटला की त्याची भरपाई गेली, कामही गेलं. सही झाली नाही तर इन्स्पेक्टर प्रेस उघडून बघणार.

काल सोमवार होता. मी वर्गाला गेलो. का गेलो? ज्यानं वाक्य दुरुस्त करायला शिकवलं त्याच्याकडे घेऊन जाण्यासारखं एक वाक्य माझ्याकडे होतं, म्हणून गेलो. सगळ्यांसमोर उभा राहून विचारलं, "अप्पा, प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आला, तर जबाबदार कोण?" अप्पा हसले. शांत, तयार हसू. "त्या क्षणी त्या माणसाचं मन कुठं होतं, हा प्रश्न आहे. अपघात आधी मनात घडतो, यज्ञेश्वर." माना डोलल्या. कुणीतरी वा म्हणालं. खाली तालमीत कुणीतरी कुणालातरी मातीत आपटलं. मी म्हणालो, "मग माझं ऐका. त्यानं तक्रार केली होती. मी ती लिहिली नाही. मी तिचा संकल्प केला. मी त्याच्या नावानं खोटी कबुली लिहिली. तीन बोटं मी घालवली." पाच वर्षांत मी इतकं खडं वाक्य बोललो नव्हतो. मला वाटलं होतं आता अप्पा काहीतरी म्हणतील, जिना चढलो त्या दिवसासारखं कानशिलात देतील. अप्पांनी हात वर केला. "हा अपराधगंड आहे. याच्यासारखा रडका विचार नाही. दुसऱ्याचं ओझं आपण डोक्यावर घ्यायचं नसतं. झालं ते झालं, यज्ञेश्वर. पुढं बघा." झालं ते झालं! पाच वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा झालं बाहेर पडलं, आणि ते कुणासाठी? जोतीरामसाठी नाही. माझ्यासाठी, आणि पुढल्या महिन्यात वर्गाला नव्या सतरंज्या देणार असलेल्या अण्णासोंसाठी. मला ओरडायचं होतं. मी खाली बसलो. माझ्या शेजारच्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, धीर म्हणून, आणि मला तो हात झटकावासा वाटला. तोही मी झटकला नाही. रागाचं हे असं असतं माझ्याकडे. येतो उशिरा, आणि आला की घरी जाऊन बायकोचं वाक्य दुरुस्त करतो. वड्याचं तेल वांग्यावर.

थोरल्या दवाखान्यात सायकल लावली. वॉर्डात फिनेलचा वास आणि त्याखाली दुसरा एक. जोतीराम भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा मांडीवर. खाटेशेजारी खाली त्याची आई, धोंडुबाई, भाकरीचा तुकडा आमटीत मोडून त्याला भरवत होती. मला बघून तिनं हात लुगड्याला पुसला. "या पावणं. बसा की." बसायला काही नव्हतं. मी उभ्या उभ्या जबाब बाहेर काढला आणि वाचला. का वाचला? ठेवून देता आला असता. पण मी क्लार्क आहे, कागद दिला की वाचतो. जोतीरामनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माजं लक्ष न्हवतं?" तो म्हणाला. "सायेब, आट वर्सं हात घालतोय म्या त्यात. लक्ष नसतं तर धा बोटं घिऊन इतकी सालं घरला गेलतो व्हय? म्या सांगितलंतं की तुमास्नी. डबल मारतंय म्हनून."

"वहीत तसं नाही," मी म्हणालो. माझं मलाच ऐकवेना.

"वही कुनी लिवली?"

मी उत्तर द्यायच्या आत धोंडुबाई बोलली. हळू नाही. तिला हळू बोलता येत नसावं. "आमचा सासरा म्हनायचा, मागल्या जल्मीचं पाप हाय, म्हनून ह्या जल्मी फेडायचं. पाटील मारू दे, भट शिवू नको म्हनू दे, फेडायचं. छप्पन साली आमी धम्म घेतला आन् ते समदं गावाच्या वेशीभाईर फेकून आलो. माजं ह्ये लेकरू तवा सात वर्साचं हुतं. आन् आता तुमी शिकलीसवरल्याली मानसं तेच उचलून परत आमच्या दारात टाकतासा? जल्म तेवढा बदललासा व्हय? मागल्याच्या जागी ह्योच?"

मला खाली बघावं लागलं. पाच वर्षं सतरंजीवर बसून जे मला कळलं नाही ते ही बाई भाकरी मोडता मोडता सांगत होती. आपापल्या पायावर उभं राहायचं तिला कुणी शिकवायला नको होतं. सासऱ्याचा देव सोडायला किती पाय लागले असतील? तिनं स्वतःवर घेतलं होतं ते काम, आणि दुसऱ्याचं पाप तेवढं नाकारलं होतं. यातलं पहिलं मला अप्पांनी शिकवलं. दुसरं कुणीच नाही.

"जोतीराम," मी म्हणालो, "माझ्या हातून चूक झाली."

"त्ये मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "त्ये कागदावं लिवा. मला आता लिवाय येत न्हाय."

मी जबाब उलटा केला. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. अक्षर सवयीनं चांगलंच येत होतं आणि त्या चांगल्या अक्षराचीही मला चीड आली. 'तेरा तारखेस जोतीराम याने प्रेस डबल मारतो असे मला सांगितले. मी ती तक्रार लिहिली नाही. लक्ष कमी पडते ही कबुली त्याने दिलेली नाही, ती मी माझ्या मनाने लिहिली व वाचून न दाखवता त्याची सही घेतली. फिटरने आधी सांगूनही प्रेसची चावी बदलण्यात आली नाही.' खाली सही केली. तारीख टाकली. छाती हलकी झाल्यासारखं वाटलं, आणि लाज सोडून सांगतो, मला स्वतःचं कौतुकही वाटलं. मी कागद जोतीरामपुढं धरला. तो ओठ हलवत वाचत गेला. शेवटच्या ओळीवर थांबला.

"बदलन्यात आली न्हाय," तो म्हणाला. "म्हंजे कुनी बदलली न्हाय?"

मी पेनचं टोपण लावलं आणि परत काढलं.

"तुमचं नाव लिवलंसा. गनपतीचं काम लिवलंसा. माजं नाव तर हायच. चावी काय आपली आपन बदलायची हुती?"

दोनदा मी, मी म्हणून छाती काढलेला माझा पेन पहिल्या तारखेला पगार देणाऱ्याच्या नावापाशी आला आणि आपोआप बाजूनं निघून गेला होता. मला कळलंही नव्हतं. एकेचाळीस वय, भाड्याचं घर, उद्यमनगरात सगळे मालक एकमेकांचे पाव्हणे, इथं सुटलं की दुसरीकडं कोण ठेवणार? हे सगळं त्या एका क्रियापदात बसलं होतं आणि मी त्याला साधी कार्यालयीन भाषा समजत होतो. अप्पांवर मी काल दात खाल्ले. अण्णासोंवर सहा दिवस खातोय. त्या दोघांत आणि माझ्यात फरक काय, तर माझं अक्षर चांगलं. मला माझा इतका संताप आला की कागद फाटेल असा जोर लावून मी शेवटची ओळ खोडली आणि खाली 'अण्णासोंनी' असं लिहिलं. जोतीराम बघत होता. "निस्तं अण्णासो नगं. मालक म्हनून लिवा. पुरं नाव लिवा." मी पुरं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. फिटरने सांगूनही त्यांनी चावी बदलली नाही. मार्च अखेरपर्यंत प्रेस असाच ओढा, असे त्यांनी माझ्यासमोर सांगितले.

"आता वाचा," जोतीराम म्हणाला. "त्या दिशी वाचून दावलं न्हाईसा. आज दावा. मोट्यांदा वाचा."

मी वाचायला लागलो. धोंडुबाईनं आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि ती ऐकायला लागली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कोपरावर उठला, पलीकडचे दोघे वळले, आणि मालकाच्या नावापाशी आलो तेव्हा माझा आवाज इतका वर गेला होता की नर्स दारातून ओरडली, "ओ पावणं, हळू! दवाखाना हाय ह्यो!"

मी आवाज कमी केला नाही.